संगणक जेमतेम येतो, तरी यूएक्स डिझाइनमध्ये येता येईल का?

करिअर समुपदेशनासाठी येणाऱ्या तिशीच्या आसपासच्या अनेकांचा अलीकडे एक ठरलेला प्रश्न असतो: ‘यूएक्स डिझाइनमध्ये यायची इच्छा आहे, पण संगणक जेमतेम येतो; जमेल का?’ यूएक्स डिझाइन म्हणजे ॲप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याला सहज वापरता यावी, अशी तिची आखणी करणे. या प्रश्नाला नुसते ‘हो, जमेल’ म्हणणे मला योग्य वाटत नाही, आणि ‘आधी संगणक शिकून या’ असे सांगून परत पाठवणे हा तर त्या माणसावर अन्यायच आहे. म्हणून एका ताईंचा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

या ताई एका मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर काम करत होत्या. शिक्षण बी.ए., लग्नाआधी केलेली एमएस-सीआयटी, आणि त्यानंतर संगणकाशी संबंध आला तो ठरावीक सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरण्यापुरताच. फाइल कुठे सेव्ह झाली हे शोधताना त्यांची तारांबळ उडत असे. नोकरीची हमी देणाऱ्या एका महागड्या कोर्सची जाहिरात भावाने त्यांना दाखवली होती आणि त्यासाठी कर्ज काढावे का, हे विचारायला त्या आल्या होत्या. ‘मॅडम, मला कोडिंग येत नाही आणि चित्रंही काढता येत नाहीत,’ असे त्यांनी बसल्याबसल्याच सांगून टाकले.

मी संगणकाचा विषय बाजूला ठेवला आणि खिडकीवर लोक नेमके कुठे अडतात, एवढेच विचारले. त्यावर त्या बराच वेळ, अगदी मोकळेपणाने बोलल्या. नोंदणी करताना जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. गावाकडून आलेल्या कित्येक आजी-आजोबांना मात्र वयसुद्धा अंदाजानेच सांगता येते, त्यामुळे खिडकीवरचा माणूस सरसकट 1 जानेवारी टाकून मोकळा होतो. पुढच्या खेपेला आधार कार्डावरची तारीख वेगळी निघते, जुनी नोंद सापडत नाही आणि त्याच रुग्णाचा दुसरा केसपेपर तयार होतो. आधी आडनाव की आधी नाव, मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, यावरूनही रांग खोळंबते. ताई स्वतःपुरता एक क्रम पाळत: आधी मोबाइल क्रमांक, मग गाव, आणि नाव सर्वांत शेवटी. त्यामुळे जुनी नोंद बहुतेक वेळा सापडत असे.

माणूस कुठे अडतो, का अडतो आणि क्रम बदलला तर तो सुटतो का, हे शोधणे हाच यूएक्सचा गाभा आहे, हे मी त्यांना त्यांच्याच उदाहरणावरून दाखवले. 1993 मध्ये ॲपलमध्ये रुजू होताना ‘यूजर एक्स्पीरियन्स’ (म्हणजेच यूएक्स) हे शब्द आपल्या पदनामात घेणारे डॉन नॉर्मन यांची डॉक्टरेट मानसशास्त्रातली आहे. कोडिंग हे बहुतेक ठिकाणी डेव्हलपरचे काम असते, आणि चित्रकलेबद्दल म्हणाल, तर सरळ चौकोन काढता आला तरी सुरुवातीला पुरते.

त्यांना पहिले काम दिले तेही कागदावरच. नोंदणीचा फॉर्म पेन्सिलने नव्याने मांडायचा, पाच जणांकडून भरून घ्यायचा, भरताना मनात येईल ते त्यांना मोठ्याने बोलायला सांगायचे आणि आपण मधे अजिबात मदत करायची नाही. पाचच का, तर एवढ्या लोकांकडूनही बहुतेक ठळक अडचणी उघड होतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांचे म्हणणे या क्षेत्रात सर्वपरिचित आहे. ताईंनी जन्मतारखेशेजारी ‘अंदाजे वय’ असा रकाना केला होता. त्यात सोसायटीच्या वॉचमनकाकांनी आपल्या आईसाठी लिहिले, ‘साठ-पासष्ट’. एकच आकडा मागून चालणार नाही, हे तिथे ताईंच्या लक्षात आले आणि त्यांनी तो रकाना पुन्हा आखला.

इथपर्यंत संगणक लागला नाही, पण पुढे तो लागतोच, आणि यात मी कोणालाही खोटा दिलासा देत नाही. मुलाखतीत स्क्रीन शेअर करून स्वतःची फाइल उघडून दाखवायला सांगतात. तिथे फोल्डर शोधत बसलात तर चांगले कामही झाकोळते. म्हणून आम्ही क्रम लावला. फोल्डर आणि फाइलींची नावे, स्क्रीनशॉट, मराठी व इंग्रजी टायपिंग, गुगल डॉक्स आणि शीट्स, आणि हात बसल्यावरच फिग्मा, म्हणजे स्क्रीनचे आराखडे काढायचे सॉफ्टवेअर. फिग्मा ब्राउझरमध्ये चालते आणि सुरुवातीच्या सरावासाठी मोफत मिळते. मात्र ते शिकण्यासाठी लॅपटॉप हवाच, मोबाइलवर भागत नाही. फिग्मातही आधी फ्रेम (स्क्रीनची चौकट), मजकूर आणि प्रोटोटाइपची (चालवून पाहता येणाऱ्या नमुन्याची) जोडणी, नंतर कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरता येणारे भाग), आणि ऑटो लेआउट (मजकुरानुसार मांडणी आपोआप जुळवून घेणारी सोय) सर्वांत शेवटी.

कर्ज काढून कोर्स करू नका, हे मी स्पष्टपणे सांगितले. कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर 2021 पासून असलेला गुगलचा यूएक्स अभ्यासक्रम पूर्वानुभव नसलेल्यांसाठीच आहे आणि तिथे आर्थिक मदतीसाठी अर्जही करता येतो. ज्यांना पूर्णवेळ शिकणे शक्य आहे, त्यांनी आयआयटी मुंबईच्या आयडीसीचा, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागाचा, विचार जरूर करावा; त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा असते. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या ताईंना तो मार्ग परवडणारा नव्हता.

नवख्यांसाठी जागा कमी आणि अर्ज भरपूर, त्यामुळे नकार बरेच आले. त्यांच्या केसपेपरच्या कामाची सविस्तर केस स्टडी (अडचण काय होती आणि ती कशी सोडवली, याचा लेखी आढावा) वाचून एका छोट्या संस्थेने त्यांना बोलावले, ते आरोग्यविषयक ॲपसाठी ग्रामीण भागातल्या लोकांच्या मराठीतून मुलाखती घेण्याकरता. काम अर्धवेळ आहे, मानधन रुग्णालयाच्या पगारापेक्षा कमी आहे, म्हणून खिडकीवरची नोकरी त्यांनी अजून सोडलेली नाही, आणि सोडू नये असाच माझा सल्ला आहे. ऑटो लेआउट अजून चुकते. रविवारी दुपारी त्या त्याचाच सराव करतात.