डीआयपी आयसी खरंच बंद होणार का?

प्रश्न : मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळतो. दरवर्षी 7400, 555, 741 आणि 8051 वाले 40 पिनचे आयसी (चिप) मागवतो. यंदा दुकानदार म्हणाला, सर आता डीआयपी विसरा, सगळं एसएमडीच (भोकाशिवाय बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे बारीक पार्ट) येणार. मग ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायचे भोकांचे बोर्ड) भंगारात द्यायचे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, अजिबात देऊ नका! दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. डीआयपी म्हणजे दोन बाजूंना पायांची रांग असलेला तो काळा आयसी, अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीत 1964 च्या सुमारास जन्मला, दोन पायांमधलं अंतर 2.54 मिमी ठरलं आणि आपल्या ब्रेडबोर्डची, झीरो पीसीबीची (सोल्डर करायच्या तयार भोकांच्या बोर्डची) भोकं त्याच मापाची. पण आत बघाल तर 555 चा सिलिकॉनचा तुकडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो, बाकी सगळं प्लास्टिक आणि पाय. तोच 555 एसओआयसी या एसएमडी आकारातही मिळतो, पाय तेवढे निम्म्या अंतरावर, 1.27 मिमीवर. म्हणजे सर्किट तेच, पिन नंबर तेच, अंगरखा बदललाय.

कंपन्यांना तो मोठा अंगरखा का नको झालाय तेही समजून घ्या. बोर्डला प्रत्येक पायासाठी भोक पाडावं लागतं, जागा जास्त जाते, आणि एसएमडी पार्ट मशीन पटापट बोर्डवर ठेवून एकदम भट्टीतून काढते. शिवाय लांब पाय स्पीडला मारक. जुन्या 7400 मध्ये 14 ला व्हीसीसी (सप्लाय) आणि 7 ला ग्राउंड, म्हणजे तिरके समोरासमोरचे कोपरे, आणि कोपऱ्यातल्या पिनपर्यंतचा आतला रस्ता सगळ्यात लांब, त्यामुळे फास्ट स्विचिंग झालं की सप्लायमध्ये नॉइज येतो, म्हणून तर आपण पोरांना प्रत्येक आयसीजवळ 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला सांगतो.

तर नवीन चिप डीआयपीत जवळपास येतच नाहीत, हे खरं. रास्पबेरी पाय पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डवरची चिप 7 बाय 7 मिमीची आहे, 56 कॉन्टॅक्ट, पाय नावाला नाहीत. पण ती ज्या बोर्डवर बसलीये त्याच्या कडा बघा, भोकं 2.54 मिमीवरच, बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी) लावली की ब्रेडबोर्डवर बसते. मला तर वाटतं पुढचं सगळं असंच होणार, चिप बारीक होत जाईल पण ते माप बोर्डच्या कडेला राहील, कारण माणसाच्या बोटांना तेच झेपतं.

555, 358, 741, 74एचसी (7400 चीच नवी जात) हे डीआयपीत अजून तयार होतायत, निवांत मागवा. 8051 या कंट्रोलरचंच बघा ना, इंटेलने 1980 ला काढला, 2007 ला स्वतः बनवणं थांबवलं, पण दुसऱ्या कंपन्या बनवत राहिल्या म्हणून आपल्या कॉलेजांत तो टिकला. फक्त 74एलएसचा (7400 ची जुनी जात) हट्ट सोडा, त्याऐवजी 74एचसीटी घ्या. पिन त्याच, आणि मुख्य म्हणजे आजचे कंट्रोलर 3.3 व्होल्टवर चालतात, 5 व्होल्टवरच्या साध्या एचसीला 'हाय' समजायला साधारण 3.5 व्होल्ट लागतात, एचसीटीला 2 पुरतात. पोरं दोन दोन तास वायरी तपासत बसतात आणि घोळ इथे असतो.

आणि एक प्रॅक्टिकल वाढवाच, कळकळीने सांगतोय. एसओआयसी ते डीआयपी अडॅप्टर बोर्ड आणा. एका कोपऱ्याच्या पॅडवर थोडं सोल्डर घ्या, चिमट्याने आयसी धरून ते वितळवत सरकवा, भिंगातून सगळे पाय पॅडवर आलेत का बघा, मग तिरका समोरचा कोपरा पक्का करा, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) लावा आणि उरलेले पाय एकेक करा. दोन पाय जुळले तर घाबरायचं नाही, विक (तांब्याच्या तारांची वेणी) ठेवून वरून आयर्न टेकवलं की जादा सोल्डर शोषून घेते. हॉट एअर लागत नाही, साधं बारीक टोकाचं आयर्न पुरतं. पहिला आयसी खराब होईल, तिसऱ्याला हात बसतो.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपच्या जुन्या मशीनच्या कंट्रोल कार्डवर झेड-80 आहे. तो बंद झाला असं ऐकलं. मशीन अजून ठणठणीत आहे, काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बरोबर ऐकलंत. 1976 पासूनचा हा प्रोसेसर, त्याच्या 40 पिनच्या मूळ चिपच्या शेवटच्या ऑर्डर ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने 14 जून 2024 पर्यंतच घेतल्या. पण तुमची खरी काळजी झेड-80 नाही, त्याच्या शेजारची ईप्रॉम (प्रोग्राम साठवणारी चिप) आहे, ती काचेची खिडकी आणि वर स्टिकर असलेली. झेड-80 जुना का होईना कुठेतरी मिळेल, पण ईप्रॉममधला प्रोग्राम फक्त तुमच्याच मशीनचा आहे, आणि त्यातला चार्ज वर्षानुवर्षं हळूहळू गळत असतो. स्टिकर काढू नका. याच महिन्यात प्रोग्रामरवर ती दोनदा वाचून घ्या, दोन्ही फाइल जुळल्या तर तीन ठिकाणी ठेवा, आणि एक कोरी ईप्रॉम भरून मशीनला लावून बघा, चालली की मूळ ईप्रॉम जपून ठेवा. कार्डवर बॅटरी असेल तर ती काढण्याआधी पॅरामीटर कागदावर उतरवा. मग झेड-80 चे दोन तीन नग घेऊन ठेवा.

प्रश्न : स्वस्तात घेतलेले जुने आयसी ओरिजिनल आहेत हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कापसाला ॲसिटोन लावून वरून घासा. काळा रंग सुटला तर जुनं नाव खरवडून नवीन छापलेलं असण्याची शक्यता जास्त. पिन 1 जवळचा गोल खड्डा बुजल्यासारखा दिसतोय का, पायांवर आधीचं सोल्डर आहे का, तेही बघा. पण छपाई चांगली असेल तर हेही फसतं, म्हणून जास्त नग घ्यायचे असतील तर आधी पाच घ्या, आयसी बेसमध्ये (सॉकेटमध्ये) लावून सर्किट तासभर चालवा, मगच पुढचे पैसे द्या.