एकटा राहतो, मला काही झालं तर माझ्या कुत्रीची सोय मृत्युपत्रात कशी करून ठेवू?

तुम्ही लिहिलंय की साठी उलटली, एकटे राहता, घरात सहा वर्षांची लॅब्रेडॉर आहे आणि तुमच्यामागे तिचे हाल होऊ नयेत म्हणून मृत्युपत्रात काय लिहायचं ते हवंय. आणि जाता जाता लिहिलंय की भाचा म्हणतो, 'मामा, मी आहे ना.' मी त्या वाक्यावरच अडकले, कारण आमच्या घरातही सगळे हेच म्हणत होते.

मृत्युपत्राचं आधी सांगून टाकते. ते माणूस गेल्यावर उघडतं. तुम्ही आयसीयूत पडला असाल तर त्या कागदाचा उपयोग शून्य. आणि गेल्यानंतरही तो कपाटातून निघून, सगळे सोपस्कार होऊन कुणाच्या हातात पैसे पडेपर्यंत आठवडे जातात, कधी महिने जातात, कुत्रीला मात्र त्याच संध्याकाळी जेवायचं असतं आणि बाहेर जायचं असतं. कुलमुखत्यारपत्राचं (म्हणजे तुमच्या वतीने सह्या-व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) उलटं, ते तुम्ही गेलात की संपतं, आणि बऱ्याच ठिकाणी तर खास तसं लिहिलेलं नसेल तर तुमची शुद्ध हरपली तरी संपतं. म्हणजे माणूस जिवंत आहे पण बोलू शकत नाही, सही करू शकत नाही, या मधल्या काळाची सोय वेगळी करावी लागते आणि ती कुणी करत नाही. माझ्या आत्याचं नेमकं तिथेच झालं.

आत्या एकटीच राहायची. टिपू तिचा कुत्रा, रस्त्यावरून उचलून आणलेला, म्हातारपणी त्याला डायबेटिस झाला. आत्यालाही डायबेटिस. दोघांचं इन्सुलिन एकाच फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात शेजारी शेजारी.

एकदा सगळे जेवायला जमलो होतो तेव्हा मी सरळ विचारलं, आत्या, उद्या तुला काही झालं तर टिपूला कोण नेणार? झालं, काकू म्हणाली शुभ बोल गं जरा, आणि दादा (माझा चुलतभाऊ) तर भडकलाच, म्हणे जिवंत माणसासमोर असं विचारतात का, लाज नाही वाटत, आणि आम्ही आहोत ना एवढे सगळे. मी म्हटलं सगळे म्हणजे कोण, एक नाव सांग. नाव कुणी सांगितलं नाही. आत्या तेव्हा गप्प बसली पण रात्री तिचाच फोन आला, म्हणाली बरं झालं विचारलंस, माझ्या मनात कधीचं घोळतंय पण बोलणार कुणाशी.

मग तिने जे केलं ते मला आजही फार शहाणपणाचं वाटतं. तिने मला सुट्टी काढून बोलावलं, इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवलं, मानेमागची कातडी चिमटीत कशी धरायची, सुई कुठे टोचायची, आणि मला टिपूबरोबर सोडून स्वतः मैत्रिणीकडे जाऊन राहिली. परत आल्यावर विचारलं, आता सांग, नेशील का? मी हो म्हटलं आणि ते हो खरं होतं, कारण तो रात्री किती वेळा उठवतो ते मला तोवर कळलं होतं. त्यानंतर तिने एक वही केली, टिपूच्या डॉक्टरांकडे सहीचं पत्र दिलं की माझी शुद्ध नसेल तेव्हा याचे निर्णय माझी भाची घेईल, आणि घराची एक किल्ली शेजारणीकडे ठेवली.

नंतर एके दिवशी आत्या रस्त्यात चालता चालता कोसळली. स्ट्रोक. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. लोकांनी हॉस्पिटलात नेलं, फोनमध्ये दादाचा नंबर वरती होता म्हणून तो पोचला. मला त्याचा फोन आला रात्री. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं टिपूकडे कोण आहे? तर म्हणाला इथे माणूस मरणाच्या दारात आहे आणि तुला कुत्रा सुचतोय. आत्याची पर्स त्याच्याच मांडीवर होती आणि त्या पर्समध्ये घराची किल्ली होती. शेजारीण नेमकी गावाला गेलेली. म्हणजे टिपू सकाळपासून कोंडलेला, संध्याकाळचं जेवण नाही, इन्सुलिन नाही, आणि डायबेटिसच्या कुत्र्याला तहान केवढी लागते, पाण्याचं भांडं कधीच कोरडं झालं असणार.

मी रात्रीच निघाले. सकाळी दादा किल्ली घेऊन आला, दार उघडलं तर हॉलभर घाण आणि टिपू सोफ्यामागून दादावर गुरगुरतोय. घाबरलेला, तहानलेला कुत्रा गुरगुरणारच. दादाचं लगेच ठरलं, हा चावरा झालाय. मग वही उघडून म्हणाला आठ युनिट लिहिलंय, देऊन टाक आणि चल. मी म्हटलं त्याने कालपासून काही खाल्लेलं नाही, उपाशीपोटी इन्सुलिन दिलं तर शुगर खाली जाऊन फिट येईल, मरेलसुद्धा. आणि दादाने फ्रीजमधून काढली होती ती बाटली आत्याची! टिपूचं इन्सुलिन एका मिलीत ४० युनिटचं, आत्याचं १०० युनिटचं, सिरिंजही वेगवेगळ्या, त्याची लाल टोपीची, तिची केशरी. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये आत्याचं इन्सुलिन आठच्या रेघेपर्यंत भरलं तर आत वीस युनिट जातात. अडीचपट. हे मला माहीत होतं कारण आत्याने वहीत त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'निळ्या डब्यातलं टिपूचं, पांढऱ्या डब्यातलं माझं, आधी जेवण मग सुई, खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन.' मी फोन केला, त्यांनी आधी काय आणि किती खाऊ घालायचं, मग किती द्यायचं ते सांगितलं, आणि शेजारी बसून राहा म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात दादाने त्याच डॉक्टरांना फोन केला की कुत्रा म्हातारा आहे, आजारी आहे, अंगावर येतो, एक इंजेक्शन देऊन सोडवा. डॉक्टरांनी फाईल काढली, आत्याचं पत्र वाचून दाखवलं आणि सांगितलं की मालकीणबाई जिवंत आहेत आणि त्यांनी निर्णय कुणाकडे दिलाय ते इथे लिहिलंय. विषय तिथेच संपला. ते पत्र नसतं तर टिपू गेला असता, कारण तेव्हा भांडायला माझ्याकडे दुसरा कुठलाच अधिकार नव्हता. तो माझ्याकडे आला आणि आत्या गेल्यानंतरही राहिला. दादा अजून म्हणतो की त्या दिवशी जेवताना तू बोललीस म्हणूनच हे झालं. अरे बाबा, बोलल्याने कुणाला स्ट्रोक येत नाही, बोलल्यामुळे एक जीव वाचला.

म्हणून तुमच्या भाच्याबद्दल माझं स्पष्ट मत, 'मी आहे ना' हे उत्तर धरू नका. त्याच्याकडे तिला आठवडाभर ठेवा, तुम्ही धडधाकट असताना. त्याच्या घरातल्या बाकीच्यांना चालतंय का बघा, कारण बहुतेक वेळा तोंडघशी तिथेच पडायला होतं. आणि आणखी एक नाव ठेवा, भाचाही आजारी पडू शकतो, बदली होऊ शकते.

आता पैसे. कायद्याच्या नजरेत जवळपास सगळीकडे कुत्रा म्हणजे मालमत्ता, आणि मालमत्तेच्या नावावर मालमत्ता ठेवता येत नाही. म्हणून मृत्युपत्रात कुत्री अमक्याला आणि तिच्या खर्चासाठी इतकी रक्कम त्यालाच, असं लिहितात, पण ती रक्कम तिच्यावरच खर्च करा हे नुसतं इच्छा म्हणून लिहिलं असेल तर सहसा बंधनकारक नसतं. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत पाळीव प्राण्यासाठी ट्रस्ट (म्हणजे पैसे विश्वस्ताकडे ठेवून ते त्या प्राण्यावरच खर्च करायची कायदेशीर व्यवस्था) करता येतो, मिनेसोटा २०१६ मध्ये सगळ्यात शेवटी आलं. पण ट्रस्टने माणूस मिळत नाही. लिओना हेल्म्सली या हॉटेलमालकिणीने ट्रबल नावाच्या तिच्या माल्टीज कुत्रीसाठी १ कोटी २० लाख डॉलर ठेवले, २००७ मध्ये हेल्म्सली वारली, कुत्री सांभाळायला भावाचं नाव घातलं होतं तर त्यानेच नकार दिला, न्यायाधीशांनी रक्कम २० लाखांवर आणली आणि शेवटी कुत्री सांभाळली तिच्याच हॉटेलच्या एका मॅनेजरने. एवढे पैसे असून भावाला आधी नीट विचारलं असतं तर?

रक्कम जी काय असेल ती सगळ्या नातेवाइकांना आधी सांगून ठेवा, चोरून देऊ नका. आत्याने टिपूसाठी माझ्याकडे पैसे ठेवले आणि दादा चार लोकांत म्हणाला, कुत्र्याच्या नावाखाली हिने हात मारला. मी प्रत्येक बिल फाईलला लावून ठेवलंय, इन्सुलिनचं, रक्ततपासणीचं, सगळं, कधीही येऊन बघावं. आणि उरलेले पैसे प्राण्यांच्या संस्थेला जातील हे मी आत्याकडून आधीच लिहून घेतलं होतं. तुम्हीही तसंच करा, उरलेली रक्कम सांभाळणाऱ्याला ठेवू नका, कुत्री लवकर गेली तर त्याचा फायदा अशी व्यवस्था चांगल्या माणसालाही नको.

बाकी किरकोळ पण आजच करण्यासारखं. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, घरी कुत्री एकटी आहे, या दोन नंबरांवर फोन करा, आणि तेच फोन लॉक असतानाही दिसेल असं इमर्जन्सी माहितीत घाला. किल्ली दोघांकडे ठेवा, एकीकडे ठेवून आमचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. मायक्रोचिप असेल तर चिपमध्ये फक्त एक नंबर असतो, बहुतेक १५ आकडी, तुमचं नाव-पत्ता रजिस्टरमध्ये असतो, तिथे दुसऱ्या माणसाचा फोन घालून घ्या. वहीत ती काय आणि किती खाते, कशाला घाबरते, कुठली लस कधी झाली, कुठली औषधं अचानक बंद करायची नाहीत (फिटची गोळी तर अजिबात नाही) हे लिहा आणि पानावर तारीख टाका, वजन बदललं की डोस बदलतो. नव्या घरी गेल्यावर पहिले काही दिवस ती नीट जेवणार नाही, तेव्हा नवं खाणं सुरू करू नका म्हणून लिहा, जुनंच द्या, बदलायचं तर आठवडाभरात थोडं थोडं.

आणि 'माझ्यामागे तिलाही शांतपणे झोपवा' असं कृपा करून लिहू नका, काही लोक प्रेमापोटी लिहितात. सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईने आपल्या सिदो नावाच्या कुत्रीबद्दल असंच लिहून ठेवलं होतं, तिथल्या प्राणिसंस्थेने कुत्री मारायला द्यायला नकार दिला, कोर्टात प्रकरण गेलं आणि १९८० साली कुत्री वाचली. कुत्रे नव्या माणसाला लळा लावतात. टिपूने मला लावला, आणि तो तेव्हा म्हातारा होता, आजारी होता आणि दादाच्या मते चावरा होता.

हां, आणि कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, ट्रस्ट तुमच्याकडे चालतो का, मुखत्यारपत्र आजारपणात टिकतं का हे तुमच्या वकिलालाच विचारा, मी वकील नाही. इन्सुलिनचं मी लिहिलंय ते टिपूचं आहे, तुमची लॅब धडधाकट असेल तर तो भाग सोडून द्या. भाचा खरंच नेणारा असेलही, मी त्याला ओळखत नाही. पण कुत्री त्याच्याकडे राहून आली की मग वकिलाची वेळ घ्या, त्याआधी नको, कारण मृत्युपत्रात कुणाचं नाव घालायचं तेच तोवर ठरलेलं नसेल.