तुझी वही माझ्याकडे राहिली आहे

भुसावळ,
बुधवार, रात्री

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तू तडक उठून गेलास आणि तुझी वही ओट्यावरच राहिली. उघडी पडली होती म्हणून वाचली. दिवाळीपासून आपल्या मैदानावर झालेल्या, म्हणजे घरच्या, फुटबॉल मॅचची तारीख, समोरचा संघ, निकाल आणि शेवटच्या रकान्यात बघायला आलेली माणसं. शेवटचा आकडा ३८. त्याखाली तू दोन रेघा मारल्या आहेस, हिशेब मिटवल्यावर दुकानदार मारतो तशा. त्या दोन रेघा बघून मला झोप येईना. समोर बसलास की मी चिडतो आणि तू गप्प होतोस, म्हणून लिहितोय.

खेळाने माणूस कसा घडतो वगैरे मी तुला सांगणार नाही. सातवीत असल्यापासून तू गोलच्या मागे चेंडू आणून द्यायला उभा राहत आलास, ते सगळं तुझ्या अंगात आहे. तुझा प्रश्न वेगळा होता. ‘काका, अडतीस माणसांच्या मॅचसाठी दर रविवारी जळगावहून येत राहू का?’ माझ्याकडे याचं एकच उत्तर आहे. घरच्या मॅचला जायचं. हजेरी पायांनी लागते, मनात प्रेम असून लागत नाही.

आधी तुझ्या मोजणीबद्दल. तू पायऱ्यांवरची माणसं मोजलीस, तीही मॅच सुरू झाल्या झाल्या. पलीकडच्या भिंतीवर बसलेली रेल्वे क्वार्टर्समधली पोरं मोजली नाहीस. ड्यूटीवर जाता जाता सायकल टेकवून वीस मिनिटं उभे राहतात ते मोजले नाहीस. हाफटाईमनंतर नातवाला घेऊन येणारे ते दोन म्हातारे मोजले नाहीस. तरी मी आकडा फुगवत नाही. साठ धर. साठ कमीच आहेत, हे मला तू सांगायला नको.

आम्ही पोरं होतो तेव्हा पाळी सुटली की रेल्वेच्या शेडमधली माणसं हातात डबा घेऊन थेट मैदानावर यायची. कपड्यांना ऑइलचा वास, घरी चहा वाट बघतोय, आणि हे लोक टचलाईनवर उभे राहून रेफ्रीला ओरडतायत. त्यांचं प्रेम तुझ्यापेक्षा जास्त होतं असं समजू नकोस. मैदान त्यांच्या घरच्या वाटेवर होतं, एवढंच. शेड, मैदान, क्वार्टर, सगळं पायी. आता माणसं लांबच्या प्लॉटवर घरं बांधून राहतात, मोटरसायकलला किक मारली की बाजूच्या रस्त्याने निघून जातात. वाट बदलली. त्यात हिवाळ्याचा रविवार म्हणजे अर्धं गाव कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टीला. हे माहीत असताना तू आकड्याकडे बघून ‘लोकांना फुटबॉल नकोच आहे’ असं म्हणालास, त्याचा मला राग आला. लोकांना नको आहे असं नाही. पूर्वी मैदान वाटेत लागायचं, आता वाट वाकडी करून यावं लागतं. जो वाट वाकडी करून येतो तोच आता प्रेक्षक. म्हणून तुझं येणं त्या डबेवाल्या माणसांच्या येण्यापेक्षा मोलाचं आहे.

तुझा मित्र म्हणाला म्हणे, रविवारी इंग्लंडचं फुटबॉल असतं. आपली मॅच चारला सुरू होते आणि अंधार पडायच्या आत संपते. त्यांची रविवारची दुपारची मॅच हिवाळ्यात इथे साडेसातला लागते. ही सबब झाली. आणि त्याच इंग्लंडची एक गोष्ट त्याला सांग. तिथे शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळात फुटबॉलची मॅच टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला. मोठ्या संघांचा खेळ घरात बसून दिसायला लागला तर खालच्या डिव्हिजनच्या मैदानावर कोण जाईल, ही त्यांची काळजी होती. तो नियम आजही आहे. म्हणजे शनिवारी तीनला सुरू होणारी जी मॅच मँचेस्टरच्या माणसाला त्याच्या घरी थेट दिसत नाही, ती तुला रात्री साडेआठला जळगावच्या खोलीत मोबाईलवर दिसते. त्यांनी आपली छोटी मैदानं जपायला दार लावून घेतलं, आणि त्याच वेळचा खेळ आपल्या घरात येतो. बघ ना, मीही बघतो. पण रविवारी चारला मैदानावर ये.

‘जिंकायला लागलो की लोक येतील’, हे तुमच्या टपरीवरचं दुसरं वाक्य. मी चाळीस वर्षं ऐकतोय. फगवाड्याच्या जेसीटीने पहिलीच राष्ट्रीय लीग जिंकली, १९९६-९७ साली. २०११ मध्ये तो संघ बंद झाला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची लीग जिंकली, २०१० मध्ये तोही बंद. देशात पहिले आले होते रे हे दोघं! आणि कोल्हापुरात बघ. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर हजारो माणसं जमतात. राष्ट्रीय करंडकासाठी येत नाहीत ती. आपल्या पेठेचा, आपल्या तालमीचा संघ आहे म्हणून येतात. आजोबा यायचे, बाप यायचा, म्हणून पोरगा येतो, हरल्यावर तर हमखास येतो, कारण पुढच्या वेळी उट्टं काढायचं असतं. आपल्याकडे ती साखळी मध्येच तुटली.

कशी तुटली ते मला माहीत आहे. तोडणाऱ्यांत मी होतो. हे तुला कधी सांगितलं नाही.

१९९१ ची गोष्ट. तेव्हाचा आपला क्लब दुसरा होता, नाव घेत नाही. मी लेफ्ट बॅक खेळून नुकताच थांबलो होतो. कमिटीने एका स्पर्धेसाठी बाहेरगावचे पाच खेळाडू आणले आणि आपल्या वस्तीतली पोरं बाकावर बसवली. मी भांडलो. कुणी ऐकलं नाही तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, पुन्हा या मैदानावर पाय ठेवणार नाही. आणि दोन हिवाळे ठेवला नाही. माझ्याबरोबर आणखी पंधरा-वीस जण यायचे थांबले. मला त्याचा अभिमान वाटायचा. वाटायचं, बघा, माझ्या शब्दाला किंमत आहे.

दुसऱ्या हिवाळ्यातल्या जानेवारीच्या एका रविवारी मी बामणोदकडे एका मित्राच्या मळ्यात होतो. वांगी भाजून झाली होती, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि वांगी ठेचणं चाललं होतं, पुऱ्या तळत होत्या. त्याच वेळी इथे घरची मॅच होती. बाहेरगावचे खेळाडू पैसे थकले म्हणून आले नव्हते. आपले नऊ जण मैदानात उतरले. नऊ! माझे बूट घरी माळ्यावर होते. मी चौतीस वर्षांचा होतो, आरामात खेळलो असतो. ती मॅच सात गोलांनी गेली आणि त्यानंतर तो क्लब कधीच मैदानात उतरला नाही. पुढच्या वर्षीची प्रवेश फी भरायला कुणी पुढे आलं नाही.

त्या क्लबचे सेक्रेटरी वयाने मला वडिलांसारखे होते. आठ दिवसांनी बाजारात भेटले. मला वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘भरीत कसं झालं होतं?’ एवढंच. ते वारले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण भरिताच्या पंगतीत बसलो की तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

माझं म्हणणं बरोबर होतं. आजही मी तेच म्हणेन, आपली पोरं बाकावर बसवून भाड्याचे आणणं चूकच. पण मी, बरोबर असलेला माणूस, मळ्यात जेवत होतो आणि ती चुकलेली कमिटी सकाळपासून फक्की मारून मैदानावर उभी होती. भांडायचं असेल तर मैदानावर येऊन भांडायचं. कमिटीवर राग आहे, ये. कोच आवडत नाही, ये आणि तोंडावर सांग. घरी बसून दाखवलेला राग फक्त मैदान रिकामं करतो, कमिटीला तो कळतही नाही.

तेव्हापासून मी घरची मॅच चुकवत नाही. वडिलांच्या दहाव्याला चुकली, आणि एकदा टायफॉइडमध्ये. सख्ख्या पुतणीचा साखरपुडा मॅचच्या दिवशी आला. सकाळी गेलो, टिळा लावून झाला, पंगत बसायच्या आत निघालो. थोरल्या वहिनी दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत, तुझ्या काकूनेही बरंच ऐकवलं. पण त्या दिवशी लाईनमन आला नव्हता, झेंडा मी धरला. मी नसतो तर समोरच्या संघाने मॅच खेळलीच नसती. पुतणीचा संसार माझ्या पंगतीत बसण्यावाचून अडला नाही, झेंडा धरायला मात्र दुसरं कुणी नव्हतं. तुला हे पटणार नाही, तुझं वय लग्नाचं आहे. घरच्यांना दुखव असं मी म्हणत नाही. पण तारीख ठरवताना आधी आपलं वेळापत्रक बघायला सांग, एवढं नक्की म्हणतो.

२०१८ च्या जूनमधली सुनील छेत्रीची हाक तुला आठवत असेल. अंधेरीच्या मैदानावर १ जूनला भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, त्यात त्याच्या तीन गोलांची हॅटट्रिक, आणि बघायला आले २,५६९ लोक. मग कर्णधाराने हात जोडून व्हिडिओ केला, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना, पाऊस कोसळतोय आणि सगळी तिकिटं संपलेली. सगळे त्या भरलेल्या मैदानाबद्दल बोलतात. मला ते २,५६९ लोक जवळचे वाटतात. त्यांना कुणी हात जोडले नव्हते. ते आधीच आले होते. तुझे अडतीस त्याच जातीचे आहेत, आणि तू त्यांच्या आकड्याखाली रेघा मारल्यास.

तू म्हणशील, काका, प्रेक्षक असूनही क्लब बुडतातच की. बुडतात. इंग्लंडातला ‘बरी’ नावाचा क्लब १८८५ चा, १९०० आणि १९०३ साली एफए कप जिंकलेला. २०१८-१९ मध्ये चौथ्या डिव्हिजनमधून वर चढला, आणि २०१९ च्याच २७ ऑगस्टला पैशांच्या घोळामुळे त्याला लीगमधून काढून टाकलं. त्या शेवटच्या दिवशीसुद्धा शेकडो चाहते झाडू, फडकी घेऊन मैदान साफ करायला जमले होते, की कुणी विकत घेतलाच तर शनिवारी मॅच खेळता यावी. क्लब वाचला नाही. पण २०२३ मध्ये त्याच गिग लेन मैदानावर, बऱ्याच खालच्या लीगमध्ये, ‘बरी’ क्लब पुन्हा खेळायला लागला. हजारो लोक त्या मॅचना गेले. मालकाचं कर्ज प्रेक्षक फेडू शकत नाही, ते मान्य. पण झाडू घेऊन आलेली माणसं एकमेकांना ओळखत होती, म्हणून मागे काहीतरी उरलं. आमच्या १९९१ च्या क्लबमागे काही उरलं नाही, कारण आम्ही सगळे वेगवेगळ्या मळ्यांत होतो.

मॅचला तिकीट लावावं की नको, या तुमच्या भांडणाबद्दल थोडक्यात. दहा रुपये घ्या. एका चहाचे पैसे. त्यातून क्लब चालणार नाही, पण पावती खिशात असलेला माणूस हाफटाईमला उठून जात नाही. पोरांना आणि बायकांना फुकट. आणि मॅचची वेळ बदलू नका. कधी तीन, कधी पाच असं झालं की सायकल टेकवणारा माणूस दुसऱ्यांदा येत नाही. स्टेशनजवळच्या टपरीवरचा फळा शुक्रवारीच लिहायचा. हे काम तुझं होतं. गेल्या दोन्ही वेळी फळा कोरा होता, मी बघून आलो.

थकला आहेस, ते दिसतंय. आठवडाभर कंपनी, रविवारी गाडीची गर्दी, आणि मैदानावर तीच तीच तोंडं. त्या तोंडांपैकी एक तुझं आहे. गोलच्या मागे आता जी पोरं चेंडू आणायला उभी राहतात, ती तू आलास का ते बघतात. गेल्या रविवारी तू नव्हतास, तेव्हा त्यातल्या एकाने मला दोनदा विचारलं, दादा आला नाही का. मी खोटं बोललो, बरं नाही म्हणून सांगितलं. पुन्हा माझ्याकडून खोटं बोलवून घेऊ नकोस.

येत्या रविवारी धुळ्याचा संघ आहे. अडीचला ये. फक्कीची गोणी माझ्याकडे आहे, दोरी मी धरतो, रेघ तू मार. रेल्वेलाईनकडच्या गोलचं नेट खालून फाटलंय, येताना सुतळी आण. वही मैदानावरच देईन. त्या दोन रेघांच्या खाली अर्धं पान कोरं आहे.

तुझा,
काका