वाचकांचे प्रश्न: प्रोजेक्ट संपल्यावर नर्सचा पगार कोण देणार?

मागच्या अंकात एक छोटा तुकडा लिहिला होता, अमेरिकेने परदेशी मदत कापल्यावर गरीब देशांतल्या आया आणि बाळांचं काय होणार यावर. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की या वेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. काही प्रश्न रागाने विचारलेत, ते तसेच छापतेय. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी ठाणे जिल्ह्यात नर्सताईंच्या ट्रेनिंगचं काम केलंय, त्यामुळे उत्तरात लेबर रूम मधेमधे डोकावणार.

अमेरिकेने मदत बंद केली तर केली, आपल्याला काय त्याचं? आपण चंद्रावर यान पाठवतो, आणि मुळात भारताने अशी मदत घ्यावीच कशाला? (ऐरोली)

आता फारशी घेत नाहीच. ब्रिटनने भारताला थेट आर्थिक मदत देणं २०१५ मध्ये थांबवलं, तेही आपण नको म्हटल्यावर. पण "आपण कधी कुणाकडून घेतलंच नाही" असं कुणी म्हणत असेल तर त्याला जरा पिंपरीला नेऊन आणा. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना तिथे १९५४ साली उभा राहिला तो युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि त्या काळात बाळंतरोगाने तापून जाणाऱ्या बायकांसाठी पेनिसिलिन म्हणजे काय होतं हे तुमच्या आजीला विचारा. आणंदच्या दूध डेअरीला मशिनरी पण युनिसेफकडून आलेली. नंतर १९९७ पासून सरकारचा माता-बाल आरोग्याचा मोठा कार्यक्रम चालला त्यात जागतिक बँकेचा पैसा होता, पण ते कर्ज होतं, दान नाही, आणि लोक या दोन गोष्टी कायम एकात एक करतात.

आता गंमत बघा, पेनिसिलिनचा कारखाना मिळाला तो आपल्या माणसांनी चालवला, पगार आपण दिला, औषध आपण बनवलं. भारतात २००१-०३ च्या सुमाराला लाख जिवंत जन्मांमागे ३०१ आया दगावत होत्या, २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ झाला, महाराष्ट्रात ३३. हे मुख्यतः आपल्याच पैशातून झालं, २००५ नंतर आशाताई आल्या, दवाखान्यात बाळंतपणं वाढली, १०२ आणि १०८ च्या गाड्या आल्या त्यातून. सुरुवातीचा धक्का मात्र बऱ्याचदा बाहेरून मिळालेला.

आणि "आपल्याला काय" म्हणाल तर पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट गरीब देशांच्या मुलांसाठी लस बनवते, ती विकत घेणारा मोठा गिऱ्हाईक म्हणजे गावी (Gavi) ही २००० साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय संस्था, जी चालते देणगीदार देशांच्या पैशावर. त्या गावीला आता आपण पण देतो, २०२० मध्ये भारताने दीड कोटी डॉलर कबूल केले होते. म्हणजे आपण टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय.

आमच्या सोसायटीचं महिला मंडळ आफ्रिकेतल्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे, फीडिंग बॉटल आणि कपडे गोळा करतंय. कुठे पाठवायचे? (घोडबंदर रोड)

ताई, कपडे ठीक आहेत, जवळपासच्या कुणाला तरी द्या. डबे आणि बाटल्या प्लीज कुठेही पाठवू नका.

रागावू नका, कारण सांगते. जिथे पाणी उकळायला सरपण नाही तिथे ती पावडर गढूळ पाण्यात कालवली जाते, डबा पुरवायचा म्हणून एका चमच्याच्या जागी अर्धा चमचा टाकतात, बाळाला जुलाब लागतात, आणि तोवर बाळ अंगावर प्यायचं कमी झाल्यामुळे आईचं दूध आटायला लागलेलं असतं, मग तुमचा डबा संपला की बाळाकडे ना हे ना ते. याच कारणाने १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने डब्याच्या दुधाच्या जाहिराती आणि फुकट वाटपावर आचारसंहिता केली. आणि आपल्याकडे तर १९९२ चा कायदाच आहे, आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर किंवा बाटली दान करता येत नाही, सूट फक्त अनाथालयांना. तेव्हा मंडळाने पैसे गोळा करावेत आणि लसीकरण करणाऱ्या भरवशाच्या संस्थेला द्यावेत. ग्रुपवर फोटो टाकायला डबे जास्त बरे दिसतात हे मला मान्य आहे.

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॅडम, एवढे करोडो डॉलर येतात पण नेमके कशावर खर्च केले तर आई वाचते? (कळवा)

तुझा प्रश्न सगळ्यात आवडला म्हणून जरा जास्त लिहिते.

जगात २०२३ मध्ये साधारण २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, म्हणजे दर दोन मिनिटाला एक. २००० मध्ये हाच आकडा ४ लाख ४० हजारच्या वर होता. यातल्या सगळ्यात जास्त जातात रक्तस्रावाने, तुम्ही वॉर्डात ज्याला पीपीएच म्हणता त्याने. बाळ रडलं, सगळे खूश, पेढे आणायला कुणीतरी गेलं, आणि इकडे वार पडल्यावर गर्भपिशवी आवळतच नाही. उपचार नाही मिळाला तर दोन तासात खेळ खलास होतो.

यावरचं औषध महाग नाही. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन स्वस्तात मिळतं पण ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, आणि जिथे लाईट दिवसातून सहा तास येते तिथे फ्रीजमधली कुपी पण कोमटच असते, नर्स बिचारी टोचते आणि तिला वाटतं औषध दिलं. म्हणून मग दोन वाटा शोधल्या गेल्या. एक, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या ज्यांना फ्रीज लागत नाही, आणि याचा गाजलेला अभ्यास झाला कुठे, तर आपल्या बेळगावात! जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकन संशोधकांबरोबर, अमेरिकेच्या पैशातून, आजूबाजूच्या खेड्यांतल्या एएनएम सिस्टर्सच्या हातून १६२० बायकांवर तो केला, २००६ मध्ये छापून आला, पीपीएचचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. दोन, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन, त्याची मोठी चाचणी २०१८ मध्ये आली.

पण मला स्वतःला या सगळ्यात औषधापेक्षा भारी वाटते ती एक प्लास्टिकची पिशवी. बेळगावच्या त्याच अभ्यासात बाईच्या खाली एक नरसाळ्यासारखी पिशवी लावलेली, तिच्यावर मापाच्या खुणा. का, तर डोळ्याने बघून रक्ताचा अंदाज कायम कमी लागतो, चादरीत मुरलेलं, कापसात गेलेलं, जमिनीवर सांडलेलं कोण मोजणार, आणि आपण सगळे म्हणतो "नॉर्मल आहे, जातं एवढं". हीच आयडिया पुढे घेऊन केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत एक मोठी चाचणी झाली, गेट्स फाउंडेशनच्या पैशातून, २०२३ ला निकाल आला. पिशवीने रक्त मोजायचं, आणि खूण ओलांडली की एकेक उपाय करून वाट बघत बसायचं नाही, मसाज, गर्भपिशवी आवळायचं औषध, रक्तस्राव थांबवणारं ट्रानेक्झामिक अॅसिड, सलाईन आणि तपासणी सगळं एकदमच करायचं. गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी कमी झाला. साठ!

तर कशावर खर्च करावा? ज्याने नर्सचा हात वेळेत हलतो त्यावर. इमारतीवर नाही. देणगीदारांना इमारत आवडते कारण तिच्यावर पाटी लावता येते. रात्री तीन वाजता ड्युटीवर असलेल्या सिस्टरवर पाटी लावता येत नाही, आणि तिचा पगार ही दर महिन्याला येणारी गोष्ट आहे, म्हणून प्रोजेक्टवाले त्याला हात लावत नाहीत, ट्रेनिंग देतात, बॅग देतात, सर्टिफिकेट देतात, आणि तीन वर्षांनी जातात.

सगळा पैसा तिकडचे नेते आणि एनजीओवाले खातात, हे तुम्ही का लिहीत नाही? (नौपाडा)

काका, खातात की. पण खाण्यापेक्षा जास्त पैसा सरळसरळ कायदेशीररीत्या वाया जातो तो कुणाला दिसत नाही. देणाऱ्या देशाचेच कन्सल्टंट, त्यांचे विमानप्रवास, मोठ्या गाड्या, हॉटेलातल्या वर्कशॉप, आणि प्रत्येक देणगीदाराचा वेगळा रिपोर्ट भरायला वेगळा माणूस. सरकारी दवाखान्यातली चांगली सिस्टर प्रोजेक्टमध्ये दुप्पट पगारावर जाते आणि दवाखाना रिकामा. यावर २००५ मध्ये पॅरिसला जाहीरनामा पण झाला, की बाबांनो त्या देशाच्याच यंत्रणेतून पैसा द्या. मानणारे थोडे.

उलटं उदाहरण रवांडा. १९९४ च्या नरसंहारानंतर तिथे काही उरलं नव्हतं, आणि पैसा बाहेरूनच आला, पण सरकारने देणगीदारांना आपल्या आराखड्यात बसवलं, गावाने निवडलेले आरोग्य कार्यकर्ते उभे केले, सामुदायिक विमा चालवला. तिथला मातामृत्यूचा आकडा २००० च्या सुमाराला लाखामागे हजाराच्या वर होता तो दोनशेच्या आसपास आलाय. त्या सरकारच्या बाकी कारभाराबद्दल माझं मत फार चांगलं नाही, पण हे काम त्यांनी केलंय.

आणि बांगलादेश तर शेजारीच. १९७१ मध्ये तिथून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो कॉलराचे पेशंट वाचवले, त्यामागचं संशोधन अमेरिकी पैशावर उभ्या राहिलेल्या ढाक्याच्या कॉलरा लॅबमध्ये आणि कोलकात्यात झालेलं. पुढे ब्रॅक संस्थेने १९८० पासून दहा वर्षं, परदेशी देणगीतूनच, घरोघर बायका पाठवून आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचं पाणी करायला शिकवलं. आणि शिकवणाऱ्या बाईला पैसे किती, तर नंतर कुणीतरी जाऊन त्या आईला विचारणार तुला काय काय आठवतंय, जितकं आठवलं तितकं मानधन! मी हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते आणि प्रत्येक वेळी सगळे हसतात, कारण आपल्याकडे मानधन सहीवर मिळतं. बाकी ढाक्याच्या त्या कॉलरा लॅबच्या संस्थेला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेचा पैसा थांबल्या थांबल्या हजाराहून जास्त लोकांना कमी करावं लागलं. साठ वर्षांच्या वर चाललेल्या संस्थेची ही गत, मग खेड्यातल्या दवाखान्याचं काय.

आमचा शहापूरला छोटा ट्रस्ट आहे, पाड्यांवरच्या गरोदर बायकांसाठी काम करतो. न्यू जर्सीचा मामेभाऊ मोठी देणगी द्यायला तयार आहे. घेऊ का? (खारेगाव)

आधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत येत असतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू. मग एकतर नोंदणी पाहिजे किंवा त्या एका देणगीपुरती पूर्वपरवानगी, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ऑफिस खर्च २० टक्क्यांच्या आत आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे ठाण्यातल्या मोठ्या संस्थेने घेऊन तुम्हाला द्यायचा हा जुना रस्ता बंद. चांगला सीए गाठा, पैसे आधी घेऊन नंतर बघू असं अजिबात करू नका.

परदेशी संस्था आपल्या मुलीबाळींवर प्रयोग करतात असं ऐकलंय. खरं का? (कोपरखैरणे)

सरसकट नाही, पण धूर आहे तिथे आग पण होती. २००९ मध्ये पाथ या अमेरिकन संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या पैशातून खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रोजेक्ट केला. २०१० मध्ये सरकारने तो थांबवला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमती घेण्याच्या पद्धतीवर चांगलेच ताशेरे ओढले, कित्येक आश्रमशाळांतल्या मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. लस स्वतः चांगली आहे, जगभर देतात, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो, असल्या घाईने लोकांचा पुढच्या दहा लसींवरचा विश्वास जातो. तुमच्या मुलीच्या शाळेत कुठलाही फॉर्म आला तर वाचा, विचारा, मग सही करा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची सून पाच महिन्यांची गरोदर आहे, पहिलं बाळंतपण, रबाळ्याला राहतात. तिला अशा परदेशी फंडातून काही मिळेल का? (घणसोली)

परदेशी फंड असा एकेका बाईच्या हातात येत नाही. पण सरकारी बरंच आहे. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड काढायचं, ते नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आधार आणि आधारला जोडलेलं बँक खातं तिच्या स्वतःच्या नावाचं लागेल, नवऱ्याचं किंवा सासूचं चालत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी, सिझर झालं तरी, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी सगळं फुकट, कुणी पैसे मागितले तर पावती मागायची. आणि सोनोग्राफी राहिली असेल तर पाचव्या महिन्यातलीच महत्त्वाची असते, ती या पंधरवड्यात उरकून घ्या, ९ तारखेची वाट बघत बसू नका.