पुण्याहून नवी सेडान घेऊन किनाऱ्याने गुहागरला जायचंय, फेरीबोटीवर गाडी चढवणं धोक्याचं आहे का? बुकिंग आधी करावं लागतं का?

धोका नाही. पंचांग न बघता निघणाऱ्याला थोडा आहे, ते खाली सांगतो.

रस्ता तुम्हाला माहीत असेलच. ताम्हिणीने माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला पहिली बोट. पलीकडे वेश्वीला उतरलात की रत्नागिरी जिल्हा लागला. बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै करत दापोलीवरून दाभोळ, तिथे दुसरी बोट, समोर धोपावे आणि पुढे गुहागर. दोन्हीकडे पाण्यावरचा वेळ थोडाच, वाट बघण्यातच जास्त जातो. हीच दाभोळची खाडी बोटीशिवाय ओलांडायची तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो.

माझी सासुरवाडी गुहागर तालुक्यात आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे दर शिमग्याला निघतो. आमचे साडू कुंभार्ली घाटवाले. सातारा, उंब्रज, पाटण, कोयना, चिपळूण, की आलं गुहागर. बोट म्हणजे त्यांच्या मते रिकामटेकड्या लोकांचा उद्योग. एका वर्षी त्यांनी नवी सेडान घेतली होती आणि बायकामुलांच्या हट्टामुळे किनाऱ्याने यायला तयार झाले. मी आदल्या रात्रीच सांगितलं होतं, पहाटे पाचला चांदणी चौक सोडायचा, उद्या पौर्णिमा आहे. ते म्हणाले, "पौर्णिमेचा आणि गाडीचा काय संबंध?" मग निवांत मिसळ झाली, दिवेआगरला मोदकाचं जेवण झालं, वाळूत फोटो झाले. धक्क्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि पाणी तळाला गेलं होतं. दोनपैकी कुठला धक्का ते लिहीत नाही, साडू हे वाचतील.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. भरतीला पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला खाली उतरतं, माणसाच्या उंचीहूनही जास्त. बोट पाण्याबरोबर खाली जाते, धक्का जागच्या जागी राहतो. मग बोटीची गाडी चढवायची फळी धक्क्याच्या उताराच्या टोकाला टेकते आणि तिथे जो कोन होतो त्यात लांब, बुटकी गाडी पोटावर बसते. खलाशाने साडूंना सरळ भाषेत सांगितलं, सगळी माणसं उतरवा, डिकी रिकामी करा, तिरकी घ्या. साडूंनी काच दोन बोटं खाली करून ऐकलं आणि एसी चालू ठेवून पाचही माणसांसकट गाडी सरळ घातली. पुढचा बंपर कर्रर्र करत घासला. मागच्या रांगेत सगळे हॉर्न वाजवायला लागले, मेहुणी आतून ओरडायला लागली. शेवटी त्याच खलाशाने दोन लाकडी फळ्या आणून चाकांखाली टाकल्या, माणसं उतरली, बॅगा उतरल्या आणि गाडी तिरकी होऊन अलगद चढली. माझी जुनी वॅगनआर मागून आली, तिला काही झालं नाही, कारण ती उंच आहे आणि माझी माणसं आधीच उतरून चहा पीत होती. आता साडू प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की बोटीने त्यांची गाडी खराब केली. बोटीने! बोट जागेवर उभी होती.

तर पंचांग. कोकणातला साधा हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पहाटेही तीच, दुपारीही तीच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटीचा तळ. म्हणजे शिमग्याच्या पौर्णिमेला दुपारी बाराला धक्क्यावर असाल तर फळी जवळजवळ सपाट मिळते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला सगळ्यात वाईट. साडू नेमके तेव्हा आले. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाणी फारसं वरखाली होत नाही, तेव्हा कधीही जा.

लोक म्हणतात पूल होऊ द्या, मग बघू. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब वर्षानुवर्षं उभे आहेत, बोटीतून दिसतात. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची गोष्ट अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून ऐकतोय. पूल व्हावेत, पलीकडच्या गावातल्या बाळंतिणीला आणि हार्ट अटॅकच्या माणसाला बोटीचा नंबर लावायला सांगणं बरं नाही. पण तुम्ही-आम्ही सुट्टीला चाललोय, आपल्याला कसली घाई?

बुकिंगचं म्हणाल तर खाडीवरच्या बोटींना धक्क्यावर जाऊन तिकीट काढायचं आणि रांगेत थांबायचं. गाडीचे पैसे वेगळे, माणसांचे वेगळे. सुटे पैसे ठेवा, रेंज जाते. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो वेगळी, ती २०२० साली सुरू झाली, मोठं जहाज आहे, तिचं बुकिंग आधी केलेलं बरं. पण पुण्याहून गुहागरला जाताना तिचा काही उपयोग नाही. खलाशी रिव्हर्स घ्या म्हणाला तर रिव्हर्स घ्या, वाद घालू नका. बोटीवर हँडब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.

तिथीचा हिशेब अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, काटेकोर वेळ हवी तर भरती-ओहोटीचा तक्ता बघा. पावसाळ्यात हे सगळं विसरा. वादळवाऱ्यात फेऱ्या बंद ठेवतात आणि ताम्हिणीत दरड येऊ शकते, निघण्याआधी फोन करून विचारा. शेवटची फेरी किती वाजता तेही तेव्हाच विचारा. एसयूव्ही किंवा बाईक असेल तर वरचं निम्मं तुम्हाला लागूच नाही. आणि एवढं वाचूनही बंपरची काळजी वाटत असेल तर खुशाल कुंभार्लीने जा, आमच्या साडूंना सोबत मिळेल.