चार नको, मेमरीच्या दोनच स्टिक घ्या, आणि त्याआधी एक रात्र थांबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही द्राक्षबागांचे आणि ले-आउटचे ड्रोन सर्व्हे करता, फोटो रात्री मेटाशेपला (फोटोंतून नकाशा नि ३डी मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) लावून घरी जाता, आणि सकाळी ३२ जीबीच्या मशीनवर 'नॉट इनफ मेमरी' लिहिलेलं असतं. आता अडीच लाखांत नवीन डेस्कटॉप करायचाय. दुकानदाराने एएमडीचा रायझन ९९५०एक्स प्रोसेसर आणि ३२ जीबी मेमरीच्या चार स्टिक असं कोटेशन दिलंय. पुण्याचा मित्र त्याचा वापरलेला इंटेल १४९००के प्रोसेसर स्वस्तात देतोय.

प्रोसेसरचं नंतर बघू. तुमचं घोडं मेमरीपाशी अडलंय, आणि त्या कोटेशनमधली गोमही तिथेच आहे.

मी हाच प्रकार करून बसलोय. नाशिकमध्ये अंबडला माझं छोटं ऑफिस आहे, प्लास्टिकच्या मोल्डचं फ्लो अ‍ॅनालिसिस करून देतो. रायझन ७९५०एक्स घेतला, बोर्डावर चार स्लॉट दिसले म्हणून चारही भरले. ३२ जीबीच्या चार, सगळ्या ६०००च्या वेगाच्या. पहिल्यांदा चालू केलं तर पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळीठिक्कर. मी घाबरून दोनदा बटण दाबून बंद केलं. (ते मेमरीचं ट्रेनिंग असतं, बोर्ड मेमरीशी सिग्नल जुळवून घेतो. डीडीआर५ला, म्हणजे आत्ताच्या पिढीच्या मेमरीला, पहिल्या वेळी काही मिनिटं लागतात, मेमरी जास्त तर वेळही जास्त. खाली जाऊन चहा घेऊन या, बटणाला हात लावू नका.) शेवटी उठलं ते ३६००वर. एक्स्पो (मेमरी तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू केलं की उठायचंच नाही. हाताने सेटिंग करत ५२००पर्यंत आणलं. विंडोज झकास, ऑफिसची कामं झकास, सॉल्व्हर (अ‍ॅनालिसिसची गणितं सोडवणारा भाग) मात्र दहा-अकरा तासांनी मान टाकायचा. आठवडाभर मी सॉफ्टवेअरवाल्यांच्या नावाने खडे फोडले. मग पेनड्राइव्हवरून मेमरी तपासणारा मेमटेस्ट लावला, तर तिसऱ्या फेरीला चुकांच्या लाल ओळी. दोन स्टिक काढल्या, ओळी गायब. त्या काढलेल्या दोन लावून बघितल्या, त्याही स्वच्छ. म्हणजे खराब एकही नव्हती. चौघींचं एकत्र नांदणं जमत नव्हतं, एवढंच.

यात दुकानदाराने फसवलं असं काही नाही. एएमडी स्वतःच ९०००च्या मालिकेसाठी दोन स्टिकला ५६०० आणि चार स्टिकला ३६०० एवढाच वेग कबूल करते. स्लॉट चार असले तरी चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीतले रस्ते, दोनच असतात. एकाच तारेवर दोन-दोन स्टिक लटकल्या की सिग्नल गढूळ होतो. हिशोब करून बघा: दोन चॅनलला ५६००ने सेकंदाला ८९.६ जीबी मिळतात, ३६००ने ५७.६. जुन्या डीडीआर४-३२००ला ५१.२ मिळत होते. डीडीआर५चे पैसे मोजून आपण जवळपास मागच्या पिढीत परत येतो. चार स्टिक जास्त वेगाने पळवणारे लोक आहेत, नाही असं नाही, पण ते नशिबाचं काम. रात्रभराचं गिऱ्हाइकाचं काम मी नशिबावर टाकणार नाही.

म्हणून दोनच स्टिक, आणि त्याही एकाच किटमधल्या. प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. तार पुढच्या स्लॉटपर्यंत जाते, त्यामुळे जवळच्या स्लॉटमध्ये लावली तर उघडं टोक शिल्लक राहतं आणि सिग्नल तिथून उलटा फिरतो. ३२ जीबीच्या दोन, ४८च्या दोन आणि आता ६४च्याही दोन मिळतात. ६४च्या घेतल्यात तर बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ताजं करून घ्या.

मग एकूण ९६ जीबी घ्यायची की १२८? हे अंदाजाने ठरवू नका. २०२५च्या शेवटापासून मेमरीचे भाव एआयच्या डेटा सेंटरांपायी इतके चढलेत की एक पायरी चुकली तरी खिशाला कळेल. आत्ताच्या मशीनवरच एक रात्र घालवा. एनव्हीएमई ड्राइव्हवर (वेगवान एसएसडीवर) जागा करून पेजफाइल, म्हणजे मेमरी कमी पडली की विंडोज ड्राइव्हवर वापरते ती जागा, हाताने १०० जीबी द्या आणि अडकलेलं तेच काम पुन्हा लावा. रखडत चालेल, कदाचित दोन रात्री घेईल, पण बहुतेक पुरं होईल. मायक्रोसॉफ्टचा फुकट मिळणारा 'प्रोसेस एक्सप्लोरर' आहे, त्यात सिस्टम इन्फर्मेशनमध्ये 'पीक कमिट' दिसतो, म्हणजे मशीन चालू केल्यापासून मागितल्या गेलेल्या मेमरीचा सर्वांत मोठा आकडा. टास्क मॅनेजर त्या क्षणाचाच आकडा दाखवतो, तो इथे कामाचा नाही. पीक ८० जीबीच्या आत असेल तर ४८च्या दोन भरपूर झाल्या. त्याच्या वर गेला तर ६४च्या दोन.

वेगाचं म्हणाल तर रायझनला ६०००, सीएल३० पुरे. सीएल हा मेमरीच्या उशिराचा आकडा नुसता बघू नका, वेगाने भागायचा असतो: ६०००ला ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ५६००ला ४० म्हणजे १४च्या वर. त्यापुढे ७२००, ८०००च्या रंगीत दिव्यांच्या किटवर पैसे घालवू नका. आणि घरी आणल्यावर टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा. ४८०० दिसला तर एक्स्पो बंद आहे. कॉलेज रोडवरच्या एका ओळखीच्या आर्किटेक्टकडे वर्षभर ६०००ची मेमरी ४८००वर चालत होती, कुणी बायोसमध्ये डोकावलंच नव्हतं.

आता प्रोसेसर. तेच काम चालू असताना टास्क मॅनेजरवर नजर ठेवा. तुमच्या सध्याच्या मशीनला १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) असतील आणि बराच वेळ सीपीयू ६ टक्क्यांवर घुटमळत असेल, तर तो टप्पा एकाच थ्रेडवर चाललाय. तिथे ९९५०एक्सचे १६ कोअर घेऊन उपयोग शून्य. डेप्थ मॅपचा (फोटोंतून खोली काढण्याच्या टप्प्याचा) मोठा भार तर ग्राफिक्स कार्डच उचलतं. माझं मत विचाराल तर १२ कोअरचा ९९००एक्स घ्या आणि उरलेले पैसे मेमरीत नि कार्डात घाला. नावात एक्स३डी असलेले रायझन गेम खेळणाऱ्यांसाठी. थ्रेडरिपर या एएमडीच्या मोठ्या प्रोसेसरला चार चॅनल मिळतात, पण त्याची रजिस्टर्ड मेमरी वेगळी आणि बोर्डही वेगळा. अडीच लाखांत तो विषय निघत नाही.

मित्राचा १४९००के घेऊ नका, मैत्री कितीही जुनी असो. जास्त व्होल्टेजमुळे इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे हे मोठे प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली गेली. पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने भरून येत नाही, आणि ती किती झिजलीय हे वरून कळत नाही. इंटेलच हवा असेल तर नवा २८५के घ्या, तो चांगला आहे. फक्त हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन थ्रेड) नाही म्हणून बिचकू नका.

शेवटचं, आपल्या गावापुरतं. नाशिकची हवा थंड हे एप्रिल-मे सोडून खरं. पत्र्याखालच्या माझ्या ऑफिसात दुपारी एसीही दमतो. ७९५०एक्सची घडणच अशी की ९५ अंशांपर्यंत चढतो आणि तिथेच बसतो. मी बायोसमध्ये इको मोड लावून १७० वॅटचा १०५ केला. रात्रभराच्या रनमध्ये थोडा वेळ वाढला, पण पंख्याची घरघर थांबली. ९९००एक्स मुळातच १२० वॅटचा आहे, तुम्हाला कदाचित याची गरजही पडणार नाही.

कोटेशनवर लगेच सही करू नका. दुकानदाराला विचारून ठेवा, आणल्यावर एक पूर्ण रात्र मेमटेस्ट लावणार, लाल ओळ आली तर किट बदलून द्याल का? आणि तो पीक कमिटचा आकडा मिळाला की कळवा, मग बोर्ड कोणता ते बोलू.