पाण्याखालची स्कूटर: वजन, बॅटरी आणि परतीचा हिशेब

प्रश्न: मी दुबईत राहतो. ट्रायमिक्सचं (खोल डायव्हिंगसाठी हेलियम मिसळलेला श्वासवायू) प्रशिक्षण झालं आहे, पुढच्या उन्हाळ्यात माल्टाला जायचं आहे. डायव्हरला पाण्याखाली ओढून नेणारी, विमानातून नेता येईल अशी हलकी स्कूटर हवी. वेग किती असावा? (वाचक, दुबई)

वेग सगळ्यात शेवटी पाहा, आधी बॅटरीवर छापलेला वॅट-तासाचा आकडा वाचा. प्रवासी विमानात 100 वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी सहसा चालते, 100 ते 160 साठी एअरलाइनची परवानगी लागते आणि 160 च्या वरची नेताच येत नाही. टेक्निकल (खोल आणि लांबच्या) डायव्हिंगच्या मोठ्या स्कूटरींची एकसंध बॅटरी याच्या कितीतरी पुढे असते, म्हणून त्या विमानतळावरच अडतात. तुमच्यापुढे दोन मार्ग उरतात: छोट्या तुकड्यांत सुटी होणारी बॅटरी, किंवा ड्रिल मशीनच्या बॅटरीवर चालणारी स्कूटर. डाइव्ह एक्स्ट्राज कंपनीची ब्लॅकटिप या दुसऱ्या प्रकारातली. तिचा मोठा फायदा असा, की परदेशात बॅटरी गेली तर हत्यारांच्या दुकानात दुसरी मिळते.

इथे एक बारकावा आहे. अमेरिकन ड्रिलच्या बॅटरीवर 20 व्होल्ट लिहिलेलं असतं, पण तो कमाल विद्युतदाब. खरा हिशेब 18 व्होल्टने होतो, म्हणजे 5 अँपिअर-तासाची बॅटरी 90 वॅट-तासांची. सुरक्षा तपासणीत लेबलवरचा आकडा बघतात, तेव्हा तो खोडला गेलेला नसावा. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या, टोकांवर टेप लावून. किती नग चालतील हे एअरलाइनकडून लेखी घ्या.

सुट्टीतल्या हौशी डायव्हिंगसाठी मिळणाऱ्या, दोन्ही हातांनी धरायच्या छोट्या स्कूटरी घेऊ नका. त्या बहुधा 30-40 मीटरपर्यंतच्याच असतात आणि दोन्ही हात अडकले की टँकचा व्हॉल्व्ह, दिवा, रील (वाट दाखवणाऱ्या दोरीची गुंडाळी) काहीच हाताळता येत नाही. हार्नेसला (अंगावरच्या पट्ट्यांना) दोरीने अडकवून ओढणारीच हवी.

आता वेग. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. वेग 20 टक्के कमी केला की शक्ती जवळपास निम्मी लागते. माल्टातल्या चिर्केव्वाला पी-29 आणि रोझी ही दोन्ही बुडीत जहाजं एकाच डायव्हमध्ये पाहायची तर मध्यम गती पुरते. ट्विनसेट (पाठीवरचे जोड टँक) आणि स्टेज टँक (बाजूला अडकवलेले जादा टँक) लावून ती गती टिकते का, एवढंच विकत घेण्यापूर्वी चालवून पाहा.

प्रश्न: कंपनी स्कूटर 90 मिनिटं चालेल म्हणते. पाण्याखालच्या गुहेत त्यातली किती धरायची? (वाचक, पुणे)

तो आकडा सहसा नव्या बॅटरीचा आणि कमी सामानाचा असतो. तुमचं पूर्ण सामान लावून, उथळ पाण्यात एकाच गतीने स्वतः मोजा. जे मिळेल त्याचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक स्कूटर बंद पडलेल्या सोबत्याला ओढण्यासाठी.

पण खरी मर्यादा बॅटरीची नाही, गॅसची आहे. मिनिटाला 45 मीटर गतीने 20 मिनिटांत तुम्ही 900 मीटर आत जाता. तिथे स्कूटर बंद पडली आणि पोहत मिनिटाला 15 मीटरने निघालात तर परतीला 60 मिनिटं. 30 मीटरवर दाब 4 बार, श्वास मिनिटाला 20 लिटर धरला तर 4,800 लिटर. ही 12 लिटरच्या दोन टँकांची, 200 बारची, पूर्ण भरती आहे! तीतला काही भाग तर जातानाच संपलेला असतो. शिवाय मेलेली स्कूटर ओढताना श्वास 20 वर राहत नाही. म्हणून एकतर पोहत परत येता येईल तेवढंच आत जा, किंवा दुसरी, राखीव स्कूटर मागे बांधून न्या. मधला मार्ग नाही.

प्रश्न: अर्ध्या तासात हात भरून येतो. (वाचक, नाशिक)

दोरी चुकीच्या लांबीची आहे. ओढ सगळी क्रॉच स्ट्रॅपच्या (पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याच्या) डी-रिंगवर (कडीवर) यायला हवी, हाताने फक्त दिशा द्यायची. कोपर किंचित वाकलेलं असताना दोरी ताठ हवी. प्रोपेलरचा झोत मांड्यांवर आदळत असेल तर तेवढाच वेग वाया जातो. दोरी दोन-दोन सेंटिमीटरने बदलत जा आणि स्कूटर थोडी खाली धरा, म्हणजे झोत अंगाखालून निघून जाईल. स्कूटर नाक खाली करत असेल तर तिचा तोल आतल्या शिशाने सारखा करा. 12 लिटर आकारमानाच्या स्कूटरला गोड्या पाण्यातून समुद्रात नेलं की साधारण 300 ग्रॅम वजन वाढवावं लागतं.

ट्रिगर अडकून स्कूटर सुसाट सुटली तर आधी बोल्ट स्नॅप (दोरी अडकवणारा हुक) सोडवा. वर नेणारी स्कूटर डेको (वर येताना घ्यायचे सक्तीचे थांबे) बुडवते, म्हणून स्नॅप एका हाताने, हातमोज्यात, डोळे मिटून सुटतो का याचा सराव करा.

प्रश्न: आत पाणी शिरलं तर? (वाचक, रत्नागिरी)

बहुतेक वेळा ओ-रिंगखाली (झाकणाच्या रबरी कड्याखाली) एखादा केस किंवा वाळूचा कण असतो. ओ-रिंग काढून खाच पुसा, रिंग बोटांतून फिरवून चीर तपासा, सिलिकॉन ग्रीस चमक येईल इतकीच लावा. जास्त ग्रीस वाळू पकडते. मग प्रत्येक डायव्हआधी व्हॅक्यूम चाचणी (आतली हवा ओढून गळती पाहणं).

खारं पाणी बॅटरीपर्यंत गेलं असेल तर विद्युतविघटनाने हायड्रोजन तयार होतो. अशी स्कूटर बोटीच्या केबिनमध्ये उघडू नका. उघड्यावर, तोंड बाजूला ठेवून, झाकण हळूहळू सैल करा, जवळ सिगारेट किंवा ठिणगी नको. स्कूटरच्या बंद नळकांड्यात बॅटरीचं चार्जिंग कधीच नाही. महिनाभर वापर नसेल तर बॅटरी निम्म्या चार्जवर ठेवा.

प्रश्न: मालवणला सराव होईल का? (वाचक, कोल्हापूर)

तोल, दोरी आणि अडकलेला ट्रिगर यांचा होईल. वेगाचा नको. पाण्यात 3 मीटरपर्यंतच दिसत असताना मिनिटाला 45 मीटर म्हणजे खडक दिसल्यापासून आदळेपर्यंत फक्त 4 सेकंद.